'यूज्ड टू' आणि मराठीतली 'सवय': घोळ नेमका कुठे होतो?

मधली_सुट्टी

खालची चार वाक्यं बघा.

१. आय यूज्ड टू ड्रिंक ब्लॅक टी.
२. आय ॲम यूज्ड टू ड्रिंक ब्लॅक टी.
३. आय ॲम यूज्ड टू ड्रिंकिंग ब्लॅक टी.
४. आय यूज टू ड्रिंक ब्लॅक टी एव्हरी मॉर्निंग.

पहिलं आणि तिसरं बरोबर, दुसरं आणि चौथं चूक. पहिल्याचा अर्थ, पूर्वी कोरा चहा प्यायचो, आता सुटला. तिसऱ्याचा अर्थ, कोरा चहा मला चालतो, दूध नसलं तरी अडत नाही. एका वाक्यात चहा सुटलाय, दुसऱ्यात तो अंगवळणी पडलाय. मध्ये फक्त एक 'ॲम' आणि एक 'इंग', पण अर्थ पार उलटा.

शाळेत 'यूज्ड टू म्हणजे सवय' एवढंच सांगितलं जातं आणि तिथेच घोटाळा होतो. मराठी 'सवय' हा शब्द दोन कामं करतो. 'मला उशिरा झोपायची सवय आहे' हे वाक्य घ्या. याचा एक अर्थ: मी रोज उशिराच झोपतो. दुसरा अर्थ: उशीर झाला तरी मला काही वाटत नाही. इंग्रजीत हे दोन वेगळे रस्ते आहेत. पहिल्यासाठी साधा वर्तमानकाळ, 'आय यूज्वली गो टू बेड लेट'. दुसऱ्यासाठी 'आय ॲम यूज्ड टू गोइंग टू बेड लेट'.

म्हणून भाषांतराआधी एक काम करा. 'सवय आहे' काढून तिथे 'काही वाटत नाही' घालून बघा. अर्थ तोच राहिला तर 'ॲम यूज्ड टू' आणि पुढे इंग. अर्थ बिघडला तर 'यूज्ड'चं नावही काढू नका, सरळ 'यूज्वली' लिहा.

चौथ्या वाक्याबद्दल: आजच्या नेमासाठी 'यूज टू' असं रूप चालत नाही. 'यूज्ड टू'ला वर्तमानकाळ नाही, भविष्यकाळ नाही. ते भूतकाळातच राहतं.

अजून कुठे कुठे अडतं ते इथे लिहा, एकाच धाग्यात जमा होईल.

कोकणकडा

चांगला धागा. उच्चाराचं आधी सांगतो, कारण लिहिताना बरोबर असलेली माणसंही बोलताना इथे चुकतात.

वापरणे या अर्थाचा 'यूज' बोलताना 'यूझ' होतो, भूतकाळ 'यूझ्ड'. पण सवयीचा 'यूज्ड टू' बोलताना 'यूस्टू' होतो. पुढच्या 'ट'मुळे मागचा 'झ' आणि 'ड' दोन्ही कडक होतात, मग दोन 'ट' एकमेकांत मिसळतात. 'हॅव टू'चं बोलताना 'हॅफ टू' होतं, तोच हा प्रकार.

याचा फायदा असा की कान तीन वाक्यं वेगळी करू शकतो. 'धिस नाइफ इज यूझ्ड टू कट ब्रेड', म्हणजे ही सुरी पाव कापायला वापरतात. इथे कर्मणी प्रयोग आहे, म्हणून 'टू'नंतर मूळ क्रियापद योग्यच. 'ही यूस्टू कट ब्रेड', म्हणजे तो पूर्वी पाव कापायचा. 'ही इज यूस्टू कटिंग ब्रेड', म्हणजे पाव कापायला तो सरावलाय.

मूळ पोस्टमधल्या दुसऱ्या वाक्यात नेमकी गंमत होते. 'आय ॲम यूज्ड टू ड्रिंक' हे व्याकरणाने वाचलं तर 'पिण्यासाठी माझा वापर केला जातो' असं निघतं. माणसाचा पेला झाला.

शब्दांची_पोतडी

'टू'नंतर नेहमी क्रियापदाचं पहिलं रूप, असं आम्हाला पाठ करून घेतलं होतं. मग इथे इंग का?

मधली_सुट्टी

कारण इंग्रजीत 'टू' दोन आहेत. एक क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येतो: वाँट टू गो, हॅव टू गो. दुसरा शब्दयोगी अव्ययासारखा, आपल्या '-ला', '-ची', '-कडे' प्रत्ययांच्या जागी. त्याच्यापुढे नाम लागतं, आणि क्रियापद घालायचंच असेल तर त्याला इंग लावून नामासारखं करावं लागतं.

ओळखायची युक्ती: पुढचं क्रियापद झाका आणि तिथे 'इट' ठेवा. 'आय ॲम यूज्ड टू इट' व्यवस्थित बसतं, म्हणजे इंग हवं. 'आय यूज्ड टू इट' लंगडतं, म्हणजे मूळ रूप.

याच कुळातले बाकीचे: लुक फॉरवर्ड टू, ऑब्जेक्ट टू, ओपोज्ड टू, अकस्टम्ड टू, कमिटेड टू. ऑफिसच्या मेलमध्ये शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' हमखास असतं, तिथे 'मीटिंग यू' हवं. ही एक चूक दुरुस्त केली की 'यूज्ड टू'ची आपोआप सुधारते, कारण मूळ एकच आहे.

तिरकस

युक्ती बरी आहे पण शंभर टक्के नाही. 'अग्री टू' घ्या. 'अग्री टू इट' चालतं आणि 'अग्री टू गो' पण चालतं. तुमच्या नियमाने तिथे 'गोइंग' आलं असतं.

मधली_सुट्टी

मान्य. 'अग्री'ला दोन्ही 'टू' लागतात, म्हणून तिथे युक्ती फसते. 'यूज्ड टू'पुरती मात्र ती बिनधास्त वापरा.

ओसरी

'सवय'बद्दल थोडी भर. 'सवय आहे' घोळात टाकतं हे खरं, पण बाकीच्या वाक्प्रचारांत मराठी बऱ्यापैकी काटेकोर आहे. ते नीट ऐकलं तर इंग्रजी अर्धं सुटतं.

'सवय होणे' हे सरावाचं आहे. नव्या चष्म्याची सवय होते, उकाड्याची सवय होते, वसतिगृहाच्या जेवणाची सवय होते. आधी नको वाटत होतं, मग चालायला लागलं. हेच 'गेट यूज्ड टू'. रुळणे, सरावणे, अंगवळणी पडणे ही त्याची भावंडं.

'सवय लागणे' वेगळं. चहाची सवय लागते, मोबाइलची लागते, तंबाखूची लागते. इथे वस्तू सहन होण्याचा प्रश्न नाही, ती सुटत नाही हा प्रश्न आहे. त्याला 'गेट इन्टू द हॅबिट ऑफ', आणि जास्तच असेल तर 'गेट हुक्ड ऑन' किंवा 'गेट ॲडिक्टेड टू'. 'त्याला दारूची सवय लागली'चं 'ही गॉट यूज्ड टू अल्कोहोल' केलंत तर वाचणारा समजेल की आधी घशाखाली उतरत नव्हती, आता उतरते.

'सवय लावून घेणे' म्हणजे 'मेक इट अ हॅबिट'. 'सवय मोडणे' म्हणजे 'ब्रेक द हॅबिट'. यातल्या कशातच 'यूज्ड' येत नाही.

आणि 'हॅज अ हॅबिट ऑफ' जपून वापरा. इंग्रजीत त्याला बऱ्याचदा तक्रारीचा सूर असतो. 'ही हॅज अ हॅबिट ऑफ इंटरप्टिंग' म्हणजे मेला सारखा मध्ये बोलतो. 'शी हॅज अ हॅबिट ऑफ रीडिंग' लिहिलं तर चूक नाही, पण कानाला किंचित टोचतं. 'शी रीड्स अ लॉट' सुटसुटीत.

कोकणकडा

'लागणे' आणि 'होणे' हा फरक असा मांडलेला पहिल्यांदाच वाचला. +१

पाटीपेन्सिल

माझा प्रश्न नकार आणि प्रश्नार्थक वाक्याबद्दल. 'डिड यू यूज्ड टू' की 'डिड यू यूज टू'? दोन्ही दिसतात.

मधली_सुट्टी

परीक्षेत आणि औपचारिक लिखाणात शेवटचा 'डी' काढा. 'डिड' आला की भूतकाळ त्याने उचलला, मग क्रियापद मूळ रूपात: 'डिड यू यूज टू लिव्ह हिअर?', 'आय डिडन्ट यूज टू लाइक इट'. 'डिड यू वेंट' म्हणत नाही, तसंच हे.

दोन्ही रूपं दिसतात याचं कारण कोकणकडा यांनी वर सांगितलंय. बोलताना दोन्ही 'यूस्टू'च ऐकू येतात, त्यामुळे लिहिताना 'डी' राहून जातो. काही व्याकरणकार 'डी' असलेलं रूपही खपवून घेतात. पण गुण कापणाऱ्याशी वाद घालून उपयोग नाही.

नकाराला याहून सोपी वाट 'नेव्हर' आहे: 'आय नेव्हर यूज्ड टू लाइक इट'. इथे 'डिड' नाही, म्हणून 'डी' जागेवर राहतो आणि शंकेला जागाच उरत नाही.

जुन्या ब्रिटिश लिखाणात 'यूज्ड ही टू?' आणि 'यूजन्ट टू' सापडतं. वाचलं तर दचकू नका, लिहू मात्र नका. टॅग क्वेश्चनसुद्धा 'डिड'नेच: 'ही यूज्ड टू सिंग, डिडन्ट ही?'

आणि हे सगळं पहिल्या प्रकारापुरतं. 'ॲम यूज्ड टू'मध्ये 'यूज्ड' हे विशेषणासारखं आहे, 'टायर्ड' असतं तसं. त्याचा प्रश्न 'आर यू यूज्ड टू द हीट?' आणि नकार 'आय ॲम नॉट यूज्ड टू द हीट'. तिथला 'डी' कधीच जात नाही.

जुनी_वही

'वुड'चं काय? 'आय वुड गो' आणि 'आय यूज्ड टू गो' दोन्हीचं मराठी 'मी जायचो'. मग कुठेही कुठलंही घातलं तर चालेल?

ओसरी

नाही, आणि इथे मराठी मदत करत नाही. आपला रीतिभूतकाळ, 'जात असे' किंवा बोलण्यातलं 'जायचो / जायचे', कृतीलाही लागतो आणि स्थितीलाही. 'तो रोज पोहायचा', 'तो तेव्हा नाशिकला राहायचा', 'त्याला कारलं आवडायचं नाही', सगळं एकाच साच्यात.

'वुड' फक्त पुन्हा पुन्हा घडणाऱ्या कृतीला चालतं. 'ही वुड स्विम एव्हरी मॉर्निंग' ठीक. 'ही वुड लिव्ह इन नाशिक' म्हटलं की ऐकणारा पुढच्या 'इफ'ची वाट बघत बसतो: राहिला असता, पण कशावर अडलं? राहणे, असणे, आवडणे, माहीत असणे, मालकीचं असणे, या स्थितींना 'यूज्ड टू'च हवा.

दुसरी अट: 'वुड' अधांतरी येत नाही. आधी काळ सांगावा लागतो. म्हणून चांगल्या लिखाणात पहिलं वाक्य 'यूज्ड टू'चं आणि पुढची 'वुड'ची असतात. 'वी यूज्ड टू स्पेंड मे इन द व्हिलेज. वी वुड गेट अप ॲट फाइव्ह. वी वुड रन टू द वेल.' एकदा चौकट उभी राहिली की 'वुड' मोकळेपणी चालतो. प्रत्येक वाक्यात 'यूज्ड टू' ठोकलं तर रेल्वेच्या रुळांच्या सांध्यांसारखं खडखड वाजतं.

आयेल्ट्सच्या तोंडी परीक्षेत दुसऱ्या भागात १ मिनिट तयारी आणि १ ते २ मिनिटं बोलणं असतं. विषय लहानपणाचा निघाला तर हीच रचना ठेवा: सुरुवात 'यूज्ड टू'ने, मधला तपशील 'वुड'ने, आणि एकदाच घडलेला प्रसंग साध्या भूतकाळात.

तिरकस

'जायचो = यूज्ड टू' हे सूत्र 'असणे' क्रियापदाला लावू नका, तिथे ते उलटं पडतं. 'पूर्वी या चौकात टॉकीज होती' याचं इंग्रजी 'देअर यूज्ड टू बी अ सिनेमा हिअर'. मराठीत साधं 'होती', इंग्रजीत 'यूज्ड टू बी'. आपलं काम 'पूर्वी' हा शब्द करतो. 'टॉकीज असायची' असं आपण म्हणतच नाही, कारण 'असायची' म्हणजे येऊन-जाऊन असणं. दर गुरुवारी बाजार असायचा, टॉकीज रोजच होती.

तसंच 'तो पूर्वी शिक्षक होता': 'ही यूज्ड टू बी अ टीचर'. 'ही वॉज अ टीचर' चूक नाही, पण 'आता नाही' हे त्यात ठसत नाही. वाक्यात 'पूर्वी' किंवा 'आधी' असेल आणि पुढे होता-होती-होते आलं असेल, तर 'यूज्ड टू बी'चा विचार करा.

मधली_सुट्टी

हे मूळ पोस्टमध्ये यायला हवं होतं. आता याला जोडून सगळ्यात जास्त होणारी चूक: कालावधी आणि आकडा.

'आय यूज्ड टू लिव्ह इन ठाणे फॉर फाइव्ह इयर्स' चूक. 'आय यूज्ड टू गो टू गोवा थ्री टाइम्स' चूक. किती वर्षं, किती वेळा हे मोजून सांगितलं की तो हिशोब बंद झाला. मग साधा भूतकाळ: 'आय लिव्ह्ड', 'आय वेंट'.

यावेळी मराठी कान बरोबर सांगतो. 'मी ठाण्यात पाच वर्षं राहायचो' असं तुम्ही म्हणाल का? नाही, 'पाच वर्षं राहिलो' म्हणाल. 'तीन वेळा गोव्याला जायचो' पण खटकतं. मात्र 'वर्षातून तीन वेळा जायचो' खटकत नाही, आणि इंग्रजीतही 'यूज्ड टू गो थ्री टाइम्स अ इयर' चालतं. एकूण आकडा नको, आवर्तन चालेल.

शब्दांची_पोतडी

मुलाखतीत 'इन माय प्रेझेंट कंपनी आय यूज्ड टू हँडल क्लायंट कॉल्स' असं सर्रास ऐकू येतं. हे चूकच ना?

कोकणकडा

चूक, आणि महागात पडणारी. समोरच्याला ऐकू येतं: आधी क्लायंट कॉल्स बघायचा, आता काढून घेतलेत. चालू कामासाठी 'आय हँडल'. 'डेली आय यूज्ड टू कम बाय लोकल'चंही तेच. आजही लोकलनेच येत असाल तर 'आय कम बाय लोकल'.

तिरकस

बारकावा: 'आता नाही' हा अर्थ जवळजवळ नेहमी निघतो, पण तो शब्दात कोरलेला नाही. 'ही यूज्ड टू प्ले चेस, अँड ही स्टिल डझ' हे बरोबर वाक्य आहे. 'स्टिल' घालून तो अर्थ पुसता येतो. पुसला नाही तर राहतो.

पाटीपेन्सिल

इतकी रूपं आली कुठून पण? वर्तमानकाळ का नाही?

जुनी_वही

पूर्वी होता! जुन्या इंग्रजीच्या नंतरच्या काळात फ्रेंचमधून 'यूज' आला, तेव्हा त्याला 'वापरणे'बरोबर 'नेम असणे' हाही अर्थ होता आणि तो सगळ्या काळांत चालायचा. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ११९ व्या स्तोत्राच्या १३२ व्या ओवीत 'यूजेस्ट टू डू' असा थेट वर्तमानकाळ आहे, म्हणजे 'जसं तू नेहमी करतोस'. पुढे वर्तमानकाळाचं रूप झिजून गेलं, भूतकाळाचं तेवढं उरलं. 'ॲम यूज्ड टू' ही त्याच शब्दाची दुसरी फांदी: ज्याला सवय लावली गेली आहे असा.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बोलीत 'यूज्ड टू कुड' असंही म्हणतात, 'पूर्वी जमायचं' या अर्थी. प्रमाण इंग्रजीत 'यूज्ड टू बी एबल टू'.

शब्दांची_पोतडी

'हॅबिच्युएटेड टू' बरोबर का? बातम्यांत आणि सरकारी पत्रांत असतं.

ओसरी

चूक नाही, पण ब्रिटन-अमेरिकेत तो रोजचा शब्द नाही, मानसशास्त्राच्या किंवा प्राण्यांच्या वर्तनाच्या लिखाणात जास्त भेटतो. औपचारिक हवंच असेल तर 'अकस्टम्ड टू'. आणि 'फॅमिलियर' इथे घुसवू नका, तो सवयीचा नाही, ओळखीचा आहे. माणूस 'फॅमिलियर विथ द रूल' असतो, नियम 'फॅमिलियर टू हिम' असतो. बाजू बदलली की अव्यय बदलतं.

पाटीपेन्सिल

सरावासाठी पाच केली आहेत, तपासाल का?

१. पूर्वी या नाक्यावर वड होता. – देअर यूज्ड टू बी अ बॅनियन ट्री ॲट धिस कॉर्नर.
२. मुंबईकरांना गर्दीची सवय असते. – मुंबईकर्स यूज्ड टू क्राउड.
३. आजी पहाटे जात्यावर दळायची. – ग्रँडमदर वुड ग्राइंड फ्लोअर ॲट डॉन.
४. नव्या चष्म्याची सवय व्हायला आठवडा लागेल. – इट विल टेक अ वीक टू गेट यूज्ड टू द न्यू ग्लासेस.
५. त्याला नखं खायची सवय आहे. – ही इज यूज्ड टू बायटिंग हिज नेल्स.

मधली_सुट्टी

१ आणि ४ अचूक. चौथ्यात दोन वेगळे 'टू' एका वाक्यात आलेत आणि दोन्ही जागेवर आहेत, शाबास.

२ मध्ये 'आर' राहिला आणि 'क्राउड'ला एस हवा: 'आर यूज्ड टू क्राउड्स'. 'आर' गाळलात तर 'क्राउड' हे क्रियापद होतं आणि मुंबईकर पूर्वी गर्दी करायचे, आता करत नाहीत असा अर्थ निघतो. दादर स्टेशनवर कोणाला पटेल?

३ चालेल, पण हे पहिलंच वाक्य असेल तर 'यूज्ड टू ग्राइंड' जास्त बरं. आधी काळ सांगून झाला असेल तर 'वुड'.

५ व्याकरणाने शुद्ध, अर्थाने चूक. 'काही वाटत नाही' घालून बघा: नखं खाताना त्याला काही वाटत नाही? तसं म्हणायचं नाहीये ना? 'ही बाइट्स हिज नेल्स'. आणि इथे 'हॅज अ हॅबिट ऑफ बायटिंग हिज नेल्स' पण चालेल, कारण तक्रारच करायची आहे.